सुराच्या जरा खाली

स्वावाला कुणी विचारलं, तू काय करतेस, तर ती सरळ सांगायची, "किडे काढते." त्यात खोटं काही नव्हतं. ग्राउविकच्या मासळी कारखान्यात खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलाशी ती दिवसभर उभी असायची. सोललेल्या कॉडचा तुकडा काचेवर पसरायचा, उजेडात किडा दिसला की सुरीच्या टोकानं उचलायचा, तुकडा पुढे ढकलायचा. गावातल्या अर्ध्या बायका हेच करत. फरक एवढाच, की या बाईनं वाजवलेली एक आख्खी रेकॉर्ड बाजारात आली होती, आणि त्या डिसेंबरात सगळा आइसलंड ती विकत घेऊन डोळे पुसत होता. स्वावा तेवढी कोरडी होती.

दिसायला ती उंच, खांद्यानं रुंद, आणि शब्दांच्या बाबतीत पक्की कंजूस. घरात बोलण्याचा मक्ता लहानपणापासून धाकट्या भावाकडे, ओर्रीकडे होता. तो दोघांच्या वाटचं बोलायचा, मग हिनं तोंड कशाला उघडायचं? वाद्यसुद्धा तिनं स्वभावाला शोभेल असंच निवडलं. बेस गिटार. जाड चार तारांचं, मागे उभं राहून वाजवायचं. चालू असतं तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, बंद पडलं की गाणं लंगडतं.

बँड तिघांचा. ओर्री गाणार आणि गिटार वाजवणार, ही बेसवर, आणि ढोलांवर मून्दी. हा मून्दी बंदरावर वेल्डिंग करायचा आणि ढोलही त्याच हातानं बडवायचा. कारखान्याच्या मागे मासळी गोठवायचं एक जुनं गोठणघर रिकामं पडलं होतं, तिथे सराव चाले, म्हणून बँडचं नावही गोठणघर. सराव गुरुवारी. आपल्या देशात टीव्ही एकच, तोही सरकारी, आणि गुरुवारी त्याचा कडकडीत उपास, प्रक्षेपणच बंद. त्या संध्याकाळी गावाला करायला काही नसायचं. मग लोक कॉफीचे थर्मास घेऊन गोठणघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि नावं ठेवायचे.

"याला म्हणायचं काय?" कुणीतरी विचारायचं.

"नवी लाट," ओर्री सांगायचा. "इंग्लंडात सगळे हेच वाजवतात."

"लाटा आम्ही बऱ्याच बघितल्यात पोरा," बंदरावरचे म्हातारे म्हणायचे. "ही नुसती पोटात ढवळणारी आहे."

यात सगळ्यात कडक कान होते ते स्वावा-ओर्रीच्या आईचे. हेर्दिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि गावाचा गायनवृंद तिच्या हाताखाली होता. पोरांचे वडील दुसरं घर मांडून कधीच पूर्वेकडे निघून गेले होते. त्यावर हेर्दिस इतकंच म्हणाली होती, की माणसाला ताल नव्हता. ओर्रीचा दोष वेगळा. तो ओळ जोरात उचलायचा, पण संपता संपता सूर सोडायचा आणि केसभर खाली यायचा. फार नाही, पण हेर्दिसच्या कानात काटा रुतायला पुरेसं. आवाज फुटला त्या वर्षी तिनं त्याला गायनवृंदातून काढून टाकलं. स्वतःच्या पोटच्या पोराला, सगळ्या गावादेखत. गाव हळहळलं. ओर्रीनं मात्र त्याचा विनोद करून टाकला आणि जन्मभर पुरवून वापरला.

उन्हाळा संपताना तिघं रेक्याविकला गेले आणि रेकॉर्ड करून आले. नाव ठेवलं 'गुरुवार'. स्टुडिओ घड्याळावर भाड्यानं घेतलेला. शेवटच्या दिवशी पाचवं गाणं राहिलं होतं, 'आलोच'. गाणं कशावर, तर कारखान्यातल्या विडीच्या सुट्टीवर. ओर्री समुद्रावर जाण्याआधी स्वावाच्याच टेबलावर होता. मुकादमीण फ्रीदानं पाठ वळवायचा अवकाश, की हा मागच्या दारानं सिगारेट ओढायला पळायचा. जाता जाता ओरडायचा, "माझी सुरी सांभाळ, आलोच!" अर्धा तास पत्ता नसायचा. बस, एवढंच ते गाणं. त्या दिवशी वेळ नव्हता म्हणून त्यानं अंदाजापुरतं एकदा म्हणून ठेवलं, तेही तोंडात सुक्या माशाचा तुकडा चघळत. त्यात समोर मून्दी तोंडं वेडावत होता. हसू दाबताना श्वास गेला, आणि ओळीच्या शेवटी सूर नेहमीच्या जागी घसरला.

परतीच्या बसमध्ये तो स्वावाला म्हणाला, "ते पाचवं मी पुढच्या महिन्यात येऊन नीट म्हणणार आहे हं. तसंच बाहेर गेलं तर आई मला गावातून काढेल. गायनवृंदातून काढलंच आहे."

"बरं."

"बरं काय? शप्पथ घे. ते तसं जाऊ द्यायचं नाही."

"नाही जाऊ देत. झोपू दे मला."

ऑक्टोबरात ओर्रीची बोट बुडाली. वादळ तसं मोठं नव्हतं, पण लहान बोटीला मोठं वादळ लागतही नाही. बातमी घरी सांगायला पाद्री येतो, ही आपली रीत. कामाच्या दिवशी पाद्री रस्त्यानं चालताना दिसला, की अख्खं गाव पडद्याआडून बघतं, कुणाच्या दारात थांबतो ते. त्या दिवशी तो कुठल्याच दारात थांबला नाही, सरळ कारखान्यात आला. फ्रीदानं पट्टा बंद केला. सगळ्या बायका आपापल्या टेबलाशी खाली मान घालून उभ्या, जणू वर बघितलं तर तो आपल्याकडे येईल. तो स्वावाजवळ आला. तिच्या हातात एक तुकडा होता, दोन किडे असलेला. तिनं आधी ते काढले, मग हातमोजे उतरवले, मग म्हणाली, "सांगा."

त्यानंतर तिला काही वाटलंच नाही. लोक म्हणतात काळीज फाटलं, पायाखालची जमीन सरकली. हिचं असलं काही झालं नाही. बर्फाच्या पाण्यात दिवसभर हात घालून बोटं होतात तसं सगळं आतून झालं. चिमटा काढला तर दिसतो, कळत नाही. प्रेताशिवाय प्रार्थना झाली, लोकांनी केक खाल्ले, कॉफी प्यायली, हिला मिठ्या मारल्या. ती उभी राहून "हं, हं" म्हणत राहिली. आठवडा उलटायच्या आत परत टेबलाशी.

असल्याच एका "हं"नं घोटाळा केला. रेकॉर्ड कंपनीचा माणूस फोनवर विचारत होता, पाचव्या गाण्याचं काय करायचं? आहे तेच घ्यायचं का? दुसरं तर आता मिळणार नाही. स्वावा भिंतीकडे बघत म्हणाली, "हं." फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळानं तिला कळलं, की आपण होकार दिला.

नाताळच्या खरेदीला 'गुरुवार' दुकानात आली. आता आपल्याकडची आणखी एक रीत. माणूस गेला, की त्याच्यावर कुणीही उठून वर्तमानपत्राला लेख धाडतो, आणि पेपरवाले झाडून सगळे छापतात. शेजारी लिहितो, मामी लिहिते, शाळेत एका बाकावर बसलेला लिहितो, आणि लिहितात ते थेट मेलेल्यालाच उद्देशून. तेव्हा रेक्याविकचे नावाजलेले समीक्षक ग्रेतार यांनी 'गुरुवार'चं परीक्षण "प्रिय ओर्री" अशी सुरुवात करून लिहिलं, यात त्यांना वावगं वाटलं नाही. पेपरात पानं लावणाऱ्याला तर त्याहून नाही. त्यानं "प्रिय ओर्री" वाचलं आणि मजकूर मृत्युलेखांच्या पानावर लावून टाकला, वारलेला एक पोस्टमास्तर आणि वारलेली एक सुईण यांच्या मधोमध. वाचणाऱ्यांपैकी एकालाही ती चूक वाटली नाही.

याच ग्रेतारनं उन्हाळ्यात बँड ऐकून दोन ओळी खरडल्या होत्या, की यांच्यापेक्षा थंडीनं आखडलेली मेंढरं बरी ओरडतात. आता मेल्या म्हशीला मणभर दूध. "प्रिय ओर्री, पाचव्या गाण्यात तू आमचा निरोप घेतलास. ओळीच्या शेवटी तुझा आवाज खाली बुडतो तेव्हा आम्हाला कळतं, की तुला ठाऊक होतं." वगैरे वगैरे. हा लेख गावानं कात्रीनं कापून फ्रिजवर चिकटवला.

मग काय, धुमाकूळ. रेडिओवर खलाशांच्या फर्माईशीत रोज 'आलोच'. बोटींवरून तारा यायच्या, आमच्यासाठी लावा. सहकारी दुकानात रेकॉर्ड संपली, परत मागवली, परत संपली. गावात प्रत्येक घरी ती पियानोवर, मुलांच्या चर्चमधल्या दीक्षाविधीच्या फोटोंशेजारी उभी केलेली, पुढे मेणबत्ती. लावून ऐकणारे त्यात किती होते, देव जाणे. फोटो ऐकायचा नसतो, त्यातलाच प्रकार.

कारखान्यात चहाच्या वेळी फ्रीदा स्वावाशेजारी येऊन बसली. ही बाई आयुष्यात कुणाबद्दल चांगलं बोलली नव्हती.

"काय गायलाय गं पोरगा," ती म्हणाली. "देवदूत."

"फ्रीदा, ते गाणं तुझ्यावर आहे. तू पाठ वळवलीस की तो पळायचा."

"मी कधी काही बोलले का त्याला?"

"रोज. कामचुकार म्हणायचीस."

फ्रीदानं डोळ्याला रुमाल लावला. "देवदूतच होता," ती म्हणाली.

मून्दीला विचारावं, तर तो रेकॉर्डचं नाव काढलं की घळाघळा रडायचा. एवढा दांडगा गडी, पण त्याच्यापुढे खरं बोलायची सोय नव्हती. स्वावाला राग येत नव्हता. यायला हवा होता, हे तिला कळत होतं. रोज थोडा थोडा करून लोक ओर्रीला घेऊन जात होते. कामचुकार, बडबड्या, सिगारेटी उसन्या मागणारा, सुरात न राहणारा तिचा भाऊ संपत चालला होता, आणि त्याच्या जागी कुणीतरी गोरागोमटा, शहाणा, मरणाची चाहूल लागलेला माणूस येऊन बसत होता. समुद्रानं एकदाच नेलं होतं. हे रोजचं होतं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ग्रेतारचा फोन आला. आपल्याकडे मंत्र्यालाही अरेतुरेच, तेव्हा समीक्षकाची काय कथा.

"दुसरी आवृत्ती निघतेय, स्वावा. कंपनी म्हणाली, कव्हरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात काहीतरी हवं. मी लिहिलंय. वाचू?"

"वाच."

"'जाता जाता त्यानं समुद्राला सांगितलं, आलोच.'"

"समुद्राला नाही. फ्रीदाला."

"कोण फ्रीदा?"

"आमची मुकादमीण. ते विडीच्या सुट्टीवरचं गाणं आहे."

मग ग्रेतार समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, लिहिणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं, आपल्या हातून काय लिहून जातंय ते."

"आणि तो बेसूर आहे त्यात."

"हेच! हेच तर म्हणतोय मी! सूर खाली जातो आणि आपण त्याच्याबरोबर पाण्यात…"

"त्याच्या तोंडात सुका मासा होता."

"स्वावा," ग्रेतार फार हळू बोलला, "तू अजून धक्क्यातून बाहेर आलेली नाहीस. नाताळपर्यंत कळव. काही कळवलं नाहीस, तर तुझी हरकत नाही असं समजतो."

एकदा ती ओळ पाठीवर छापली, की झालं. मग पन्नास वर्षांनीही ओर्री तोच, समुद्राला सांगून गेलेला. नाही म्हणावं, तर सगळ्या देशासमोर ही एकटी. आणि खरं सांगायचं, तर तिला स्वतःचीच खात्री उरली नव्हती. इतके लोक म्हणतात, तर आपलेच कान गेले असतील. देशात एकच माणूस होता, ज्याच्या कानाला दुःखाची लाच चालली नसती, आणि त्या माणसानं रेकॉर्डला हात लावला नव्हता. हेर्दिस रेडिओवर 'आलोच' लागलं की उठून बंद करायची. गायनवृंदाची तालीम मात्र तिनं एकही चुकवली नाही, उलट नाताळच्या गाण्यांसाठी त्यांना जास्तच पिदडलं. गाव म्हणालं, दगडाचं काळीज आहे बाईचं.

स्वावाला भीती आईच्या रागाची नव्हती. शप्पथ मोडली म्हणून ती चार शब्द बोलली असती, ते ऐकून घेता आले असते. भीती ही होती, की आईही म्हणेल, किती सुंदर गायलाय. मग मात्र ओर्री कुठेच उरला नसता.

नाताळच्या आदल्या दिवसाचाही आदला दिवस तो. घरोघरी आंबवलेला स्केट मासा शिजतो त्या दिवशी, आणि त्याचा वास असा, की डोळे झोंबून वाहायला लागतात. यंदा नेमका गुरुवार पडला होता. स्वावा आईच्या स्वयंपाकघरात शिरली आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली. ते रडणं नव्हे. रेडिओवर निवेदिका देशभरच्या नाताळच्या शुभेच्छा एकामागून एक वाचत होती, या शेतावरून त्या शेतावर, या बोटीवरून त्या घरी.

"बटाटे सोल," आई म्हणाली.

स्वावानं एक बटाटा सोलला आणि ग्रेतारचं सगळं सांगून टाकलं. हेर्दिसनं ऐकून घेतलं, पातेल्याखालची आच बंद केली, रेडिओ बंद केला.

"लाव ती," ती म्हणाली.

"तुझ्याकडे आहे?"

"ढीग आहे. लोक आणून देतात, आजाऱ्याला लापशी आणावी तशी."

खोलीत जाऊन हेर्दिस ताठ बसली, दोन बोटं टेबलाच्या कडेवर उचलून. पहिलं गाणं सुरू झालं. तिची भुवई हलली. "तू इथे घाई करतेस," ती म्हणाली. दुसऱ्याला म्हणाली, "मून्दी लोखंड ठोकतोय असं वाटतं. पण तालात ठोकतो." तिसऱ्याला तिची मान तालात हलली. चौथ्याला म्हणाली, "हे बरं आहे." स्वावा उभीच होती. तिनं रेकॉर्ड उलटली.

ओर्रीचा आवाज आला. हसू दाबलेला, तोंडात काहीतरी असलेला. ओळ वर चढली, पुढे गेली, आणि संपता संपता घसरली.

हेर्दिसची बोटं टेबलावर आली.

"खाली," ती म्हणाली.

अडीच महिन्यांत पहिल्यांदा स्वावाला काहीतरी दुखलं. इतकं दुखलं, की तिनं खुर्चीची पाठ धरली.

"कच्चं होतं ते, आई. परत जाऊन नीट म्हणणार होता. मला म्हणाला होता, हे बाहेर जाऊ देऊ नकोस. मी जाऊ दिलं."

"नीट म्हणाला असता असं वाटतं तुला?"

स्वावानं विचार केला. "नाही."

"नाहीच. किती वर्षं सांगतेय त्या गाढवाला, श्वास शेवटासाठी ठेव. ठेवतोय कसला."

'ठेवतोय', ती म्हणाली. स्वावाच्या तोंडून हसू फुटलं आणि ते अर्ध्यावरच भलत्या वाटेला गेलं. ती जमिनीवर बसली आणि रडली, मोठ्यानं, लहान मुलासारखी, नाक वाहेपर्यंत. आईनं तिला जवळ घेतलं नाही. रेकॉर्ड संपून सुई खरखरत राहिली, तरी ती तशीच बसून होती.

मग हेर्दिस म्हणाली, "त्या ग्रेतारला कळव. ओर्रीच्या आईनं ऐकलं आणि बेसूर आहे म्हणाली. पाठीवर काही छापायचंच असेल, तर हे छाप म्हणावं."

"बरं."

"पुन्हा," हेर्दिस म्हणाली.

गायनवृंदात कुणी चुकलं, तर ती रागवत नसे. नुसतं एवढंच म्हणे, आणि सगळे मुकाट्यानं ओळ पहिल्यापासून उचलत. स्वावानं सुई मागे ठेवली. ओर्रीनं ओळ उचलली आणि त्याच जागी, तितकाच, खाली आला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही मेल्यावरही गेली नव्हती.

"पुन्हा."

या वेळी हेर्दिसनं बोटं वर धरून ठेवली, ओळ संपेपर्यंत, संपल्यावरही. सूर खाली गेला.

"पुन्हा."

"आई," स्वावा म्हणाली, "तो आता असाच गाणार."

"कळतंय मला," आई म्हणाली. "लाव."